एका बाटलीचा परराज्यप्रवास

गतवर्षी शिरूर येथे एका छोटेखानी सभेत बोलून मी व्यासपीठावरून खाली उतरलो, तेव्हा पंचविशी उलटलेला एक तरुण थोडा बाजूला येऊन उभा राहिला. मुलगा मूळचा दौंडचा. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. स्वतः रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला. सभोवारची मंडळी पांगल्यावर त्याने हळूच विचारले, "सर, पुण्याला हल्ली छोट्या भट्ट्यांतून ताजी बिअर करतात. माझा कॉलेजातला मित्र कलबुर्गीला असतो. त्याच्या वाढदिवसाला सहा बाटल्या पाठवायच्या आहेत. पार्सल कोण घेईल?"

मी हसलो. चौकशी करून सांगतो म्हणालो. दौंडहून कलबुर्गी सुमारे 300 किलोमीटर. सोलापूर मागे टाकले की थोड्याच वेळात गाडी कर्नाटकात शिरते. एवढ्याशा अंतरावर सहा बाटल्या पाठवायच्या, त्यात चौकशी ती काय करायची, असे मला त्या वेळी वाटले होते. परंतु विचारपूस करता करता रसायनशास्त्र, इतिहास, राज्यघटना आणि मालधक्क्यावरचे हमाल एवढ्यांच्या दारांतून मला जावे लागले. त्या भटकंतीत जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. प्यावी की न प्यावी ह्या वादात मला शिरावयाचे नाही. त्या विषयावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत, आणि त्यांचे ऐकून कोणी सोडल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत हिला 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. ह्याला मराठी शब्द शोधू गेलो तर 'हातभट्टी' हाच शब्द जिभेवर येतो, आणि मग सगळाच घोटाळा! हातभट्टीत दारू गाळतात; बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात. सातूला पाणी शिंपडून मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवून घ्यायची, त्या गोड पाण्यात हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले उकळायची आणि गार झाल्यावर यीस्ट घालायचे. पुढचे काम यीस्ट करते. साखर खाऊन ते मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. आमच्या घरी आंबोळीचे पीठ रात्रीतून फुगते त्याच जातीचा हा व्यवहार. मोठे कारखाने हा माल गाळून, स्वच्छ करून, बहुधा तापवून निर्जंतुक करतात आणि मग बाटलीत भरतात. छोट्या भट्टीवाला थोडाथोडा माल करतो, पुष्कळदा तो तापवीत नाही आणि गाळीतही नाही. पुण्यात 2009 साली 'डूलॅली' ह्या नावाने महाराष्ट्रातली अशी पहिली भट्टी निघाली. मागून अनेक निघाल्या. हिची चव ताजेपणात असते असे रसिक म्हणतात, आणि प्रवासात नेमके हे ताजेपणच आड येते.

नीरेचे उदाहरण घ्या. पहाटे उतरवलेली नीरा बर्फात ठेवली तर गोड. उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत तिची ताडी होऊ लागते. हमरस्त्यावरच्या नीराविक्री केंद्रात आपण थांबून एक पेला पितो, पण कोणी ती टपालाने नागपूरला पाठवीत नाही. न गाळलेल्या बिअरचे दुखणे इतके तातडीचे नाही, परंतु कूळ तेच. बाटलीत जिवंत यीस्ट शिल्लक असते. थोडी साखर उरली असेल आणि उष्णता मिळाली, तर ते पुन्हा कामाला लागते आणि वायू वाढतो.

ह्या वायूचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. साधारण बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू विरघळलेला असतो. फ्रिजमध्ये, म्हणजे चार अंशांच्या आसपास, हा वायू द्रवात शांत बसतो. बाटलीतला जादा दाब वातावरणाच्या पाऊणपटीच्या घरात असतो. वीस अंशांवर तो दुपटीजवळ जातो. आणि चाळीस अंशांवर? साडेतीनपटीच्या पुढे. म्हणजे यीस्टने काहीही केले नाही तरी, नुसत्या उन्हाने दाब चौपट-पाचपट झाला. आता दौंडच्या फलाटावर मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली पडलेले खोके डोळ्यांपुढे आणा. मालाच्या डब्यात, किंवा खाजगी बसच्या पोटात, हवा ह्याहूनही तापलेली असते. चांगल्या कारखान्याची जाड काच हे सोसते. घरी धुऊन पुन्हा भरलेली, कडेला बारीक तडा गेलेली बाटली सोसत नाही.

बाटली फुटली नाही तरी चव उतरतेच. तिचे शत्रू तीन. ऊन हा पहिला: हॉपमधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकयुक्त असे एक द्रव्य तयार होते, आणि त्याचा वास इतका उग्र की फार थोड्या अंशानेही नाकाला कळतो. बिअरची बाटली तपकिरी असते ती ह्यामुळे. हिरवी बाटली दिसते छान, पण राखण करीत नाही. दुसरा शत्रू प्राणवायू. टोपणाखाली राहिलेल्या चिमूटभर हवेने काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आणि तिसरी उष्णता, जी ह्या दोघांचे काम जलद करून देते. व्यवसायातल्या लोकांचा एक ठोकताळा आहे: बत्तीस अंशांवर तीन दिवस, बावीस अंशांवर तीस दिवस, तीन अंशांवर तीनशे दिवस, ह्यांत बिअरचे सारखेच नुकसान होते. ठोकताळाच तो, सूत्र नव्हे. पण त्या तरुणाचे पार्सल तीन दिवस वाटेत राहिले असते तर मित्राला वाढदिवसाला काय मिळाले असते, ते ह्यावरून कळते.

मग सातासमुद्रापलीकडची बिअर शिरूरला कशी पोहोचत होती? हा प्रश्न मला पडला, कारण शिरूर ही जुनी छावणी. वसईच्या तहानंतर कंपनी सरकारची फौज येथे घोडनदीच्या काठी राहिली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावाकडे निघाली ती येथूनच. 1809 साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची समाधी येथे आहे, आणि गावकरी त्याला 'सत्पुरुष' म्हणून नैवेद्य दाखवीत, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. कोण कोणाचा देव होईल सांगता येत नाही!

ह्या गोऱ्या फौजांसाठी लंडनहून पिंपेच्या पिंपे बिअर हिंदुस्थानात येई. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबईस लागे. विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. लंडनच्या गोदीजवळ हॉजसन नावाच्या बिअरवाल्याची भट्टी होती आणि जहाजाच्या कप्तानांना तो सढळ उधारी देई. एवढ्यावर त्याने हा व्यापार बराच काळ मुठीत ठेवला. पुढे 1820 नंतर बर्टन गावच्या भट्टीवाल्यांनी त्याला हटवले. ह्या मालात हॉपची फुले जास्त घालीत, कारण हॉप जंतूंना रोखतो, आणि मद्यार्कही बेताबाताचा नसे. हीच आजची 'इंडिया पेल एल'. हॉजसनने ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही गोष्ट मात्र पुष्कळ सांगितली जात असली तरी खरी नव्हे. तशी फिकी, कडवट बिअर तेथे आधीपासून होत होती, तिला फक्त समुद्र मानवला. बंदरात उतरलेला माल घाटावर चढवणे हे निराळे दिव्य होते. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, लोहमार्ग पुण्यास 1858 साली आला आणि दौंडवरून सोलापूरला 1860 साली पोहोचला. 1878 साली दौंड-मनमाड फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. तात्पर्य, प्रवास सोसणारी बिअर करता येते, पण तिच्यासाठी तिचा स्वभाव बदलावा लागतो. पाश्चरने 1876 साली बिअरवर ग्रंथ लिहिला, पुढे तापवून टिकवण्याची रीत सर्वत्र गेली, 1892 साली अमेरिकेत पेंटरने आजचे दातेरी टोपण काढले, आणि बाटली घट्ट झाली. छोट्या भट्टीवाला ह्यातल्या तापवण्याला मुद्दाम नाही म्हणतो.

येथवर शास्त्राचा भाग झाला. बर्फाचे खोके, चांगली काच, भुसा, रात्रीची गाडी, एवढ्याने तो निभावता आला असता. खरी अडचण दिसत नाही अशी आहे, आणि ती सोलापूरच्या पुढे रुळावर आडवी पडलेली आहे.

आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या सूचीत आठवी नोंद मद्याची आहे: त्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सगळे राज्यांकडे. एक्कावन्नावी नोंद त्यावरच्या उत्पादन शुल्काची, तीही राज्यांकडे. शिवाय सत्तेचाळिसावे कलम राज्याला मद्यबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्यास सांगते. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा साबणापासून सिमेंटपर्यंत सारे एका करात आले. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र घटनेनेच बाहेर ठेवले. त्यामुळे देशात इतर मालाची बाजारपेठ एक झाली तरी मद्याच्या बाजारपेठा जितकी राज्ये तितक्या. आणि 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने औद्योगिक मद्यार्कावरचाही राज्यांचा अधिकार मान्य केला.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. कायदा 'मुंबई' नावाने झाला, आता 'महाराष्ट्र' नावाने चालतो. पुष्कळांची समजूत अशी, की दारूबंदी उठली म्हणजे तो कायदाही गेला. तसे नाही. त्याचे बारावे कलम आजही सांगते, की दारू करणे, आणणे, नेणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे ह्या सर्वांस मनाई आहे. म्हणजे मूळ नियम बंदीचा, आणि आपण जे पाहतो ते दुकान, तो बार, ती भट्टी, हे सारे परवान्याने दिलेले अपवाद. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. बिअरला वय एकवीस पुरे, कडक दारूला पंचवीस. हौसेने घरच्या पिंपात बिअर लावणाऱ्याने हे कलम एकदा वाचून ठेवावे.

ह्याच कायद्यात 'निर्यात' शब्दाची व्याख्या आहे. आपल्याला निर्यात म्हटले की जहाज आठवते. येथे राज्याबाहेर नेणे म्हणजे निर्यात. दौंडहून कलबुर्गीला गेलेली बाटली ही महाराष्ट्राच्या दृष्टीने निर्यात आणि मित्राच्या उंबऱ्यावर कर्नाटकाच्या दृष्टीने आयात! मोठा कारखानदार हे कसे करतो? ज्या राज्यात माल जायचा तेथून आधी आयातीचा परवाना आणतो. तो दाखवून येथून निर्यातीचा परवाना आणि वाहतुकीचा पास घेतो. वाटेत तिसरे राज्य असेल तर त्याची सोय पाहतो. माल पोहोचल्याचा दाखला परत आला की येथला हिशेब मिटतो. शिवाय त्या राज्यात ते लेबल आधी नोंदलेले पाहिजे. बाटलीवर बारीक अक्षरांत 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असे छापलेले असते, ते कोणी वाचत नाही. ह्या सगळ्या यंत्रणेत परवानाधारक व्यापाऱ्याला खिडकी आहे. मित्राला सहा बाटल्या भेट पाठवणाऱ्यासाठी खिडकीच नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरपोच मद्य देण्याची, छोट्या भट्टीतली ताजी बिअर भांड्यात भरून देण्याची मुभा आपल्याकडे मिळाली, पण ती राज्याच्या हद्दीपुरती होती.

एका गृहस्थांनी मला तावातावाने विचारले, की देशात कोठेही व्यापार करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, त्याचे काय? हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या बालसरा नावाच्या गृहस्थांनी 1949 च्या कायद्याला आव्हान दिले होते. त्यांना व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर जवळ ठेवण्याचा, इतकेच नव्हे तर औषधी मद्य आणि ओ-द-कोलन वापरण्याचा हक्क हवा होता. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि सौंदर्यप्रसाधने ह्यांवरची बंदी काढली, पण पिण्याच्या दारूवरची ठेवली. पुढे 1994-95 च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात न्यायालयाने दारूचा व्यापार हा मूलभूत हक्कच नव्हे असे स्पष्ट केले. तेव्हा तो रस्ता बंद आहे.

दौंड जंक्शनवर उभे राहिले म्हणजे ह्याची गंमत कळते. दक्षिणेची गाडी कर्नाटकात जाते, तेथे दारू मिळते पण त्यांच्या परवान्याने. उत्तरेची मनमाड-भुसावळ करीत मध्य प्रदेशात जाते, तेथे तिसरा कायदा. आणि जळगावहून डावीकडे सुरतेस वळलात तर गुजरात. 1 मे 1960 ला राज्ये वेगळी झाली तेव्हा हाच मुंबईचा कायदा त्यांच्याही वाट्याला गेला. आम्ही त्याला परवान्यांची दारे पाडली, त्यांनी ती बरीचशी मिटलेली ठेवली. एका आईची दोन लेकरे! बिहारात 2016 पासून संपूर्ण बंदी आहे. आणि हे खूळ आपलेच आहे असेही नव्हे. अमेरिकेत 1933 साली राष्ट्रीय दारूबंदी उठली ती ज्या घटनादुरुस्तीने, तिनेच राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात दारू नेण्यास मनाई केली. तेथील टपालखाते आजही दारूचे पार्सल घेत नाही.

विमानाचे मात्र आश्चर्य वाटेल. चोवीस टक्क्यांहून कमी मद्यार्काच्या पेयाला विमानवाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल धरीत नाहीत. बिअर त्यात बसते. विमानाला तिची भीती नाही. उतरल्यावर विमानतळाबाहेरच्या राज्याला आहे.

"पण लोक पाठवतातच की!" असे आपल्यापैकी कोणी म्हणतील. पाठवतात. खोक्यावर 'काकवी' लिहितात, 'लोणचे' लिहितात. गोव्यात कर कमी म्हणून तेथून निघालेल्या बाटल्यांसाठी सावंतवाडीजवळ इन्सुलीला नाका आहे, आणि तेथे गाड्यांच्या आसनाखालून, टाकीच्या बगलेतून काय काय निघते त्याच्या बातम्या आपण वाचतोच. मला जी गोष्ट सांगायची ती लहान आहे. आमच्या ओळखीच्या एका घरच्या लग्नाच्या साड्या खाजगी बसमधून बेळगावला निघाल्या होत्या. शेजारी 'काकवी' लिहिलेले एक खोके होते. दिवस एप्रिलचे. पहाटे बस उघडली तेव्हा खोक्यातल्या दोन बाटल्या फुटलेल्या, साड्यांचे गाठोडे भिजलेले आणि सगळीकडे आंबूस वास. साड्या धुऊन निघाल्या, एक पैठणी सोडून. पाठवणाऱ्याने खोक्यावर दिलेला पत्ता खोटा निघाला. घेणारा आलाच नाही. जाब विचारला गेला तो खोके चढवणाऱ्या पोराला. 'काकवी' हा शब्द त्याने वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्याचा अपराध. महिन्याचा अर्धा पगार कापून त्याला घरी पाठवले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले असते तर माल ज्याच्या हातात सापडला त्याला पहिला प्रश्न झाला असता, आणि कायद्याप्रमाणे गाडीदेखील जप्त होऊ शकते. भेट पाठवणाऱ्याची हौस आणि तिची जोखीम दुसऱ्याच्या पाठीवर. हे मला त्या तरुणाला सांगावेसे वाटले.

ह्या कायद्याला कंटाळलेल्या मंडळींनी त्याची दुसरी बाजूही पाहावी. राज्याच्या तिजोरीला ह्या शुल्काचा मोठा आधार आहे हे उघड आहे, आणि नैतिकतेच्या भाषेखाली पुष्कळदा तिजोरीच बोलत असते, ही माझी शंका मी लपवीत नाही. पण एवढेच नाही. 1880 साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत असताना त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिले. 1908 साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन झाले. त्या काळी अबकारीचा पैसा परक्या सरकारचा होता. आज सरकार आपले आहे, तरी गावोगावच्या बायका 'आडव्या बाटली'साठी रांगेत उभ्या राहतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, ही तरतूद आपल्या राज्यात आहे. परगावची बाटली पार्सलने दारात येऊ लागली तर त्या मताचे काय राहील? पुण्याची महाग ताजी बिअर आणि गावचा देशी दारूचा गुत्ता ह्यांत मोठे अंतर आहे हे मी जाणतो. कायदा ते अंतर शुल्काच्या दरात पाहतो, पार्सलच्या खिडकीवर पाहत नाही. माझ्या मते भेटीदाखल दोन-चार बाटल्यांसाठी, दोन्ही राज्यांचा कर आगाऊ भरून, वयाचा दाखला घेऊन, एखादा साधा परवाना निघायला हरकत नसावी. परंतु तो निघेपर्यंत खोक्यावर काकवी लिहिणे हा काही मार्ग नव्हे.

हे सगळे मी त्या मुलाला दौंडच्या स्टेशनबाहेर चहा घेता घेता सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. "म्हणजे बाटली जाऊ शकत नाही," तो म्हणाला, "पण मित्र येऊ शकतो." मी म्हटले, मित्राला कोणाचा परवाना लागत नाही, प्यायच्या वेळी तेवढा एक दिवसाचा परवाना त्याने घ्यावा. दिवाळीत मित्र आला. रात्रीच्या गाडीने दौंडला उतरला, सकाळी दोघे पुण्यास गेले, भट्टीतल्या पिंपापाशीच बसले. परतताना मित्राच्या पिशवीत दौंडच्या आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचे पीठ होते, आणि ते सोलापूरच्या पुढेही कोणी उघडून पाहिले नाही.